डेबियनमधे पॅकेज दत्तक घेण्यापासून मेंटेनर होईपर्यंत - माझा अनुभव

ऑफिसातले आणि कॉलेजचे मित्र अधूनमधून विचारतात की डेबियनचा (ही एक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) मेंटेनर, म्हणजे त्यातलं एखादं पॅकेज (बसवायला तयार सॉफ्टवेअर) सांभाळणारा, व्हायला काय लागतं, सी भाषा किती यायला पाहिजे वगैरे, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. आधीच सांगतो, कोड लिहिणं हा त्यातला फार छोटा भाग आहे. जास्त वेळ जातो तो उत्तरं देण्यात. युजरला, ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मूळ लेखकाला, नवं रिलीज काढणाऱ्या रिलीज टीमला, आणि कधीकधी स्वतःलाही, की हे पॅकेज मी अजून सांभाळू शकतोय का.

माझी सुरुवात 2022 मधे झाली. डेबियनमधे हाऊ-कॅन-आय-हेल्प नावाचं एक छोटं पॅकेज आहे, ते टाकून ठेवलं की दर वेळी एप्ट (पॅकेज बसवायची कमांड) चालवल्यावर तुमच्या मशीनवरच्या कुठल्या पॅकेजला मदत हवीय त्याची यादी दाखवतं. त्या यादीत मी रोज वापरतो ते एक कमांड लाइन टूल दिसलं, ऑर्फन म्हणून. म्हणजे आधीच्या मेंटेनरने सोडलेलं, आणि मेंटेनरच्या जागी अशी पॅकेजं बघणाऱ्या क्यूए ग्रुपचं नाव. आधीच्या मेंटेनरबद्दल मला खूप आदर वाटला कारण त्यांनी गुपचूप सोडून दिलं नव्हतं. स्वतः बग (डेबियनच्या यादीतली तक्रारीची किंवा कामाची नोंद) उघडून लिहिलं होतं की आता वेळ होत नाही, कुठले बग अर्धवट आहेत, मूळ लेखक मेलला उत्तर देतो का, नवीन व्हर्जन आणायला काय अडतंय. एवढं लिहून ठेवलेलं असलं की पुढच्या माणसाचे कित्येक आठवडे वाचतात. माझ्या मते नीट बाजूला होणं ही पण मेंटेनरची जबाबदारीच आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दत्तक घ्यायला परवानगीचा अर्ज वगैरे काही नसतो, त्या बगचं शीर्षक बदलून मी घेतोय असं लिहायचं आणि कामाला लागायचं. मला वाटलं होतं की बिल्ड करायला त्रास होईल, पण सगळ्यात जास्त वेळ गेला कॉपीराइट फाइलमधे. प्रत्येक फाइल कोणाची, कुठल्या लायसन्सखाली, हे सगळं डेबियनला लिहून लागतं, आणि टेस्टसाठी ठेवलेल्या एका फोल्डरमधल्या फाइल्सना लायसन्सच नव्हतं. मूळ लेखकाला मेल केला, त्याने पुढच्या व्हर्जनमधे टाकलं. कंटाळवाणं काम आहे खरं, पण उद्या कोणी हा कोड घेऊन काही बनवलं तर ते कायद्याने बिनधास्त करता यावं, याची खात्री इथेच होते.

या टप्प्यावर तुम्हाला अपलोड करता येत नाही. पॅकेज मेंटॉर्सच्या साइटवर टाकायचं, स्पॉन्सर हवाय असा बग टाकायचा आणि वाट बघायची. स्पॉन्सर म्हणजे कोणीतरी डेबियन डेव्हलपर (अपलोडचे पूर्ण अधिकार असलेला सदस्य), जो तुमचं काम तपासून स्वतःच्या डिजिटल सहीने अपलोड करतो. मला जे स्पॉन्सर मिळाले त्यांनी चेंजलॉगमधली (बदलांच्या नोंदीतली) एकेक ओळ वाचून विचारलं, हे का बदललं, ते का काढलं, हा पॅच (कोडमधली दुरुस्ती) मूळ लेखकाला पाठवला का. सुरुवातीला वाटलं किती खोदून विचारतायत, नंतर समजलं की सही त्यांची जाणार आहे, तर त्यांनी विचारायलाच हवं.

अपलोड झालं आणि दुसऱ्याच दिवशी एस-थ्री-नाइन्टी-एक्सवर टेस्ट फेल. हे आयबीएमच्या मेनफ्रेमचं आर्किटेक्चर, बिग-एंडियन, म्हणजे आकड्यातले बाइट आपल्या नेहमीच्या इंटेलच्या उलट क्रमाने ठेवतं. माझ्याकडे असलं मशीन कुठून असणार, आणि पुण्यात बसून मेनफ्रेमवर हे टूल कोण वापरतंय असंही मनात आलं, पण डेबियनमधे एका अधिकृत आर्किटेक्चरवर आधी चालणारी गोष्ट बंद पडली की ते पॅकेज अनस्टेबलमधून (जिथे नवं पॅकेज आधी येतं) टेस्टिंगमधे (जिथे पुढचं रिलीज तयार होतं) जात नाही, नाहीतर साधारण पाच दिवसांत जातं. क्यूइमू नावाच्या प्रोग्रॅमवर त्या मशीनची नक्कल करून बघितलं, एक स्ट्रक्चर सरळ फाइलमधे लिहिलं जात होतं तिथे घोळ होता. पॅच बनवला आणि आधी मूळ लेखकाला पाठवला, तिथे घेतला गेल्यावर मग डेबियनमधे.

हा क्रम मी कधीच चुकवत नाही, त्याचं कारण डेबियनच्याच इतिहासात आहे. 2006 मधे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या पॅकेजमधे व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलची वॉर्निंग येते म्हणून दोन ओळी बंद केल्या गेल्या. ओपनएसएसएलच्या मेलिंग लिस्टवर विचारलंही होतं, पण तो बदल मूळ प्रोजेक्टमधे रीतसर पॅच म्हणून गेला नाही. परिणाम असा की रँडम आकडे बनवताना फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) उरला, म्हणजे जास्तीत जास्त 32,768 शक्यता, आणि मे 2008 मधे हे उघड होईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या एसएसएच कीज (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या डिजिटल किल्ल्या) अंदाजाने शोधता येण्यासारख्या होत्या. हेतू चांगलाच होता. पण तो कोड आतून ओळखणाऱ्या माणसाने शेवटचा बदल तपासला असता तर त्याच दिवशी थांबला असता असं मला वाटतं.

बग हाताळणं हा एक वेगळाच विषय आहे. अर्ध्या बगमधे माहितीच अपुरी असते, मग मोअरइन्फो टॅग लावून विचारायचं, काही दुसऱ्याच पॅकेजचे निघतात ते तिकडे पाठवायचे, काही मूळ लेखकाकडे फॉरवर्ड करायचे. सगळ्यात अवघड जातं ते नाही म्हणणं. एका युजरला आउटपुटचा डिफॉल्ट फॉरमॅट बदलून हवा होता, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि बोलणंही अतिशय सभ्य होतं, पण लोकांच्या स्क्रिप्ट त्या आउटपुटवर चालतात, आणि फक्त डेबियनमधे वेगळं वागणारं टूल कोणालाच नको असतं. मी कारण सविस्तर लिहिलं, वोन्टफिक्स लावलं, आणि एका ओळीची सेटिंग करून त्याला हवं ते कसं मिळेल तेही दाखवलं. नुसतं नाही म्हणून बग बंद करणं मला पटत नाही, समोरच्याने वेळ काढून लिहिलेलं असतं.

मग डेबियन मेंटेनर हा अधिकृत दर्जा. त्यासाठी डेबियनचा सोशल कॉन्ट्रॅक्ट (प्रोजेक्टची मूळ तत्त्वं) मान्य करायचा, एखाद्या डेव्हलपरने तुमच्या कामाबद्दल लिहून द्यायचं, आणि तुमच्या जीपीजी कीवर (डिजिटल सही करायच्या किल्लीवर) डेव्हलपरची सही लागते. सही करण्याआधी ते तुमची ओळख प्रत्यक्ष पटवून घेतात. सप्टेंबर 2023 मधे डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनची वार्षिक परिषद, कोचीला झाली, भारतात पहिल्यांदाच, त्यामुळे माझं ते काम तिथे झालं. पासपोर्ट आणि कागदावर छापलेला कीचा चाळीस अक्षरी फिंगरप्रिंट (कीचा ओळख क्रमांक) घेऊन उभं राहायचं, समोरचा एकेक अक्षर जुळवून बघतो. ज्यांनी माझं पहिलं अपलोड तपासलं त्यांना तिथे भेटलो तो आनंद वेगळाच. पुढे अर्ज, आणि काही आठवड्यांनी माझी की डेबियनच्या कीरिंगमधे (मान्य कीजच्या संचात) आली. तरी अधिकार मर्यादितच, ज्या पॅकेजची परवानगी डेव्हलपरने दिलीय तेवढंच अपलोड करता येतं, नवं पॅकेज आणायचं तर परत स्पॉन्सर. आणि हे बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे, कारण आपण अपलोड केलेलं पॅकेज लोकांच्या मशीनवर रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकारात बसतं.

त्यानंतर सहाच महिन्यांत, 29 मार्च 2024 ला, एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण बाहेर आलं. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना डेबियनच्या अनस्टेबलवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि शोधता शोधता 5.6.0 आणि 5.6.1 मधे पेरलेलं बॅकडोर (चोरदरवाजा) सापडलं. स्टेबलपर्यंत, म्हणजे बहुतेक लोक वापरतात त्या रिलीजपर्यंत, ते पोचलं नव्हतं. मला त्यातला आधीचा भाग जास्त लागला. मूळ मेंटेनर लासे कॉलिन वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने, फावल्या वेळात ते सांभाळत होते, 2022 मधे त्यांनी तब्येतीबद्दल उघड लिहिलं होतं, आणि तेव्हाच अनोळखी नावांनी लोक मागे लागले होते की काम हळू चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या. जिया टॅन या नावाने मदत करणाऱ्याला हळूहळू ते अधिकार मिळाले आणि बॅकडोर त्यानेच घातलं. कोणी मेंटेनरला उशीर होतोय म्हणून टोचून लिहिलं की मला हे आठवतं. हे लिहिणाऱ्यांनी कृपा करून त्याऐवजी एखादा बग तपासून बघावा, खरंच मदत होते.

त्यानंतर मी पण माझ्या पॅकेजला को-मेंटेनर शोधायला लागलो. घाई केली नाही. एक मुलगी नियमित चांगले पॅच पाठवत होती, तिच्याबरोबर वर्षभर काम केलं, सगळी चर्चा साल्सावर (डेबियनची कोड ठेवायची साइट) उघडपणे, तिची कामं मी तपासायचो आणि माझी ती, आणि मग तिचं नाव अपलोडर्समधे (पॅकेजच्या सह-मेंटेनरच्या यादीत) घातलं. 2025 च्या फ्रीझमधे (रिलीजआधी बदल रोखतात तो काळ) माझ्या घरी आजारपण होतं तेव्हा एक गंभीर बग आला, वेळेत सुटला नसता तर पॅकेज टेस्टिंगमधून काढलं गेलं असतं. तिने पॅच केला, स्पॉन्सर शोधला, रिलीज टीमकडून अनब्लॉक (फ्रीझमधेही आत घ्यायची परवानगी) मागून घेतला, आणि 9 ऑगस्टला ट्रिक्सी हे नवं स्टेबल रिलीज आलं त्यात आमचं पॅकेज होतं. आता तिच्या मेंटेनरच्या अर्जासाठी तिला कीवर सही हवीय, मुंबई-पुण्याकडे कोणी डेबियन डेव्हलपर भेटू शकत असतील तर जरूर कळवा.