तीर्थन नदीवर ट्राउट: पावसाळ्यानंतरचं पाणी आणि गळाची तयारी

पाऊस ओसरला की कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निवळते. हिमाचलच्या ट्राउट (थंड पाण्यातला मासा) असलेल्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, म्हणजे मधे हाती येतात जेमतेम पाच आठवडे. वर्षातले सगळ्यात भरवशाचे दिवस हेच. मार्च-एप्रिलमध्येही पाणी स्वच्छ असतं, पण इतकं गार की ऊन चांगलं वर येईपर्यंत मासा जागचा हलत नाही. मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळतं, दुपारनंतर पाणी चढतं, राखाडी होतं. तेव्हा जे काही करायचं ते सकाळीच. जुलै-ऑगस्टमध्ये गळ घेऊन जाऊच नये. वर ढगफुटी झाली तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो, आणि जुलै २०२३ च्या पुराने कुल्लू जिल्ह्यात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंच आहे.

या फेरीतला टप्पा नागिणीपासून गुशैनीपर्यंत आणि त्याच्या थोडा वरचा. गुशैनीला फलाचन नावाचा मोठा ओढा तीर्थनला मिळतो. रात्री सर आली असेल तर सकाळी आधी या संगमावर जाऊन दोन्ही प्रवाह पाहा. फलाचन गढूळ आणि तीर्थन स्वच्छ असेल, तर संगमाच्या वर तीर्थनच्या काठाने चालू लागा. खाली वेळ घालवण्यात अर्थ नाही. उलट असेल तर फलाचन धरा. गुडघाभर पाण्यात स्वतःच्या बुटाचं टोक दिसत असेल तर माशीने, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या नकली किड्याने, मासेमारी करता येते. दिसत नसेल तर काळी वूली बगर (पाण्याखालून ओढायची झुपकेदार माशी), गळाच्या ८ किंवा १० नंबरची, काठालगत ओढून पाहा, नाहीतर थांबा.

एक छोटा थर्मामीटर दोरीला बांधून बरोबर ठेवा. पाणी १० ते १५ अंशांत असेल तर ट्राउट मोकळेपणाने खातो. ऑक्टोबरमध्ये सकाळी ते ७-८ अंशांवर असलं तर घाई करू नका, चहा घ्या. ऊन दरीच्या तळाशी उतरायला उशीर होतो, आणि खरा वेळ साधारण साडेदहा ते तीनचा.

गळाची काठी ४ किंवा ५ वजनाची (हा दोरीच्या वजनाचा क्रमांक, किलो नव्हे), साडेआठ ते नऊ फुटी, चार तुकड्यांत सुटी होणारी. दोरी तरंगती. लीडर, म्हणजे दोरी आणि माशी यांच्यामधला बारीक धागा, नऊ फुटी, टोकाला ५एक्स (धाग्याच्या जाडीचा क्रमांक). खडकाला घासून धागा खरडला जातो, म्हणून दर अर्ध्या तासाने शेवटचा हातभर धागा बोटांतून फिरवून पाहा आणि खरखरीत लागला तर तोडून नवा जोडा. माशा फार नकोत: फेझंट टेल आणि हेअर्स इअर निंफ (पाण्याखाली बुडणाऱ्या माशा) १४ नि १६ नंबरात, काही टंगस्टन मण्याच्या, वर तरंगायला एल्क हेअर कॅडिस आणि पॅराशूट अ‍ॅडम्स १४ ते १६. गाठीत पाच वेढे, थुंकीने ओली करून मगच आवळा. कोरडी आवळली की धागा तापून कमजोर होतो आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडतो.

तीर्थन ही मोठमोठ्या धोंड्यांची, उताराची नदी. लांब फेक इथे उपयोगाची नाही, हे मैदानी पाण्यावर शिकलेल्यांना पटायला वेळ लागतो. धोंड्यामागचा शांत खळगा टेबलाएवढा असतो, आणि तुमच्या नि त्याच्या मधे दोन वेगाचे प्रवाह. दोरी मधल्या जोरकस प्रवाहावर पडली की तो ती ओढतो, माशी खळग्यातून सरकत निघते आणि मासा तिच्याकडे बघतही नाही. म्हणून खालच्या अंगाने, धोंड्याच्या आडून, दोन काठ्यांच्या अंतरावर या. काठी उंच धरा, दोरी पाण्याला लागू देऊ नका, फक्त लीडर पाण्यात. निंफ खळग्याच्या वरच्या तोंडाशी टाका आणि प्रवाहाच्या वेगानेच काठीचं टोक खाली न्या. धागा थबकला की हलकेच उचला. बहुतेक वेळा तो तळाचा दगड असतो, पण निंफ कधीच तळाला अडकत नसेल तर ती वरवरूनच जाते आहे. जड मणी लावा. दुपारी पाण्यावर कॅडिस नावाचे किडे उडताना दिसले तर एल्क हेअर कॅडिस वर आणि तिच्या गळाला दीड-दोन फूट धाग्यावर निंफ खाली, ही जोडी फार चांगली चालते.

पाण्यात गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नका. धोंड्यांवर शेवाळ असतं. साधे ट्रेकिंगचे बूट घसरतात, खिळे मारलेल्या तळाचे बूट आणि हातात आधाराची काठी हवीच. फेल्टचा तळ पकड चांगली देतो, पण दुसऱ्या नदीत वापरलेला असेल तर पूर्ण वाळवून आणा, नाहीतर तिथले रोग इथे येतात.

परवाना मत्स्यविभागाचा, दिवसाच्या हिशेबाने मिळतो. किती मासे नि किती लांबीचे ठेवता येतात ते त्यावर वाचून घ्या. आम्ही सगळे सोडतो आणि तोच सल्ला देऊ. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका, हात ओले करून मासा धरा, पाण्याबाहेर दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त नको.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची बस धरावी आणि औटच्या बोगद्याआधी उतरावं. चालकाला आधीच सांगून ठेवा, रात्रीच्या बस झोपेत पुढे नेतात. तिथून बंजारमार्गे गुशैनीला बस आणि टॅक्सी मिळते. विमानात काठीची नळी हातातल्या सामानात घेऊ देतीलच असं नाही, म्हणून कडक नळीत घालून चेक-इन करा. माशा आणि टिपेट (लीडरच्या टोकाला जोडायचा बारीक धागा) घरूनच आणा.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एक गोष्ट पाळा. ब्राउन ट्राउटची वीण थंडीच्या तोंडाशी सुरू होते. उथळ, वाहत्या पाण्यात बारीक खडीचा एखादा पट्टा आजूबाजूच्या शेवाळी तळापेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसला, तर तिथे मादीने खड्डा केला आहे. त्यात पाय ठेवू नका, वर घुटमळणाऱ्या माशांवर माशीही टाकू नका. काठाने वळसा घाला आणि पुढच्या धोंड्यांकडे जा.