पाव, अर्धा, पाऊण, एक: म्युनिकमधला आमचा बाजारहाट

म्युनिकमध्ये रात्री आठ वाजले की सुपरमार्केट बंद. रविवारी तर उघडतच नाही. जर्मनीतल्या कितीतरी शहरांत रात्री दहापर्यंत दुकानं चालू असतात, पण आमचं बव्हेरिया राज्य आपल्या आठच्या ठोक्यावर अडून बसलंय. रविवारचं प्रकरण तर थेट राज्यघटनेतलं. 1919 सालच्या जर्मन राज्यघटनेनं (तिला वायमार घटना म्हणतात) रविवार विश्रांतीसाठी राखून ठेवला आणि 1949च्या घटनेनं ते कलम जसंच्या तसं उचललं. त्यामुळे रविवारी सकाळी दूध संपलं तर तक्रार करायची कोणाकडे? रेल्वे स्टेशनातलं दुकान उघडं असतं म्हणा. पण दोन मुलांना मोजे, टोप्या, बूट चढवून तिथवर पोचेपर्यंत घरी कोरा चहा पिऊन झालेला असतो.

याचा परिणाम म्हणजे शनिवारी दुपारी अख्खं शहर एकदमच दुकानात घुसतं. पाच वर्षांची लेक आणि दोन वर्षांचा लेक यांना घेऊन त्या गर्दीत जायचं मी केव्हाच सोडून दिलं. आम्ही आठवड्याच्या मधल्या वारी जातो, थोरलीची बालवाडी सुटली की परस्पर. जाताना बेकरीतून एक ब्रेत्झेल (वेटोळ्या आकाराचा खारा पाव) घ्यायचा, वरचे मिठाचे खडे नखानं खरवडून टाकायचे आणि अर्धा अर्धा दोघांच्या हातात द्यायचा. इथल्या प्रत्येक बाबागाडीत त्याचा चुरा सापडतो, आमच्याही. उपाशी मूल दुकानात न्यायचं नाही, हा नियम मी कोणत्याही देशात पाळेन.

माझं मत विचाराल तर मुलांना दुकानात गप्प बसवायच्या भानगडीत पडूच नये. त्यांना काम द्यावं. आणि कामाला इथे तोटा नाही, कारण वाण्याकडे यादी दिली आणि पोऱ्यानं पोतं घरी आणून टाकलं, हा प्रकार इथे नाही. सामानाची ढकलगाडी आपण सोडवायची (साखळीच्या कुलपात एक युरोचं नाणं अडकवून), सामान आपण शोधायचं, पिशव्या आपण भरायच्या, चार मजले आपण चढायचे.

पहिलं काम रिकाम्या बाटल्यांचं. पाण्याची किंवा सरबताची प्लॅस्टिकची बाटली घेतली की तिचे 25 सेंट वेगळे लावतात. बाटली परत केली की ते मिळतात. याला इथे फांड म्हणतात. एकदा वापरून टाकायच्या बाटल्यांवर आणि कॅनवर हे 2003 पासून आहे. दुधाच्या प्लॅस्टिक बाटल्या 2024 पासून त्यात आल्या. दुकानातल्या यंत्राच्या भोकात बाटली आडवी सारायची. यंत्र तिला गरागरा फिरवून लेबलवरची खूण वाचतं आणि पटली तर आत ओढून घेतं. चेपलेली असली तर तोंडावर परत ढकलतं. धाकटा अशा बाटलीला ‘नापास’ म्हणतो, ताईनं शिकवलंय.

आणि ताई मोजते. एक बाटली, पाव. दुसरी, अर्धा. तिसरी, पाऊण. मग एक, सव्वा, दीड, पावणेदोन. व्हिडिओ कॉलवर आजी कित्येक महिने जे शिकवत होती आणि लेक ज्याला जांभया देत होती, ते या यंत्रापुढे तिला आपसूक आलं. अडचण एवढीच, की बाबांची बिअरची काचेची बाटली मध्ये आली की सगळा हिशोब कोसळतो, कारण तिचे फक्त 8 सेंट. मग ती बाबांवर चिडते.

काही यंत्रांवर दोन बटणं असतात. एक दाबलं की पावती येते, ती गल्ल्यावर दाखवून पैसे वळते करायचे. दुसरं दाबलं की तेच पैसे गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला जातात. धाकट्याचा हात कोणत्या बटणापर्यंत पोचतो, हे सांगायला नकोच. सव्वादोन युरोंचा दानधर्म झाल्यावर थोरलीनं दुकानात जो टाहो फोडला, त्यानं मागच्या रांगेतल्या आजोबांनी आपल्या दोन बाटल्या तिच्या हातात ठेवल्या. तेवढ्यावर ती शांत झाली.

फळं-भाजीच्या भागात आमचा मुक्काम थोडा. दुकानात वजनकाटा असेल तर केळ्यांचा नंबर दाबून चिकटपट्टी काढायचं काम थोरलीचं. मुलांसाठी छोट्या ढकलगाड्याही असतात, उंच काठीला झेंडा लावलेल्या. झेंडा कशासाठी, तर मोठ्या माणसांना आपली पोटरी कुठून फुटणार हे आधी कळावं म्हणून, असा माझा समज आहे.

खरी परीक्षा चीजच्या काउंटरवर. तिथेच शेजारी मांसाचा विभाग असतो, आणि बव्हेरियातली जुनी रीत अशी की काउंटरवर मूल दिसलं की त्याला गेल्बवुर्स्ट नावाच्या सॉसेजची एक चकती द्यायची. मुलांना ती आपला हक्कच वाटते. पांढऱ्या ॲप्रनमधल्या बाई काचेवरून वाकल्या, काट्याला ती फिकट चकती लावून. आम्ही शाकाहारी. थोरलीनं आधी चकतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जर्मनमध्ये म्हणाली, ‘आम्ही प्राणी खात नाही, पण आम्हाला भूक आहे.’ बाई मोठ्यानं हसल्या. चकती बाजूला ठेवली आणि एमेंटाल चीजच्या दोन चकत्या कापल्या, भोकं पडलेल्या. धाकट्यानं भोकातून डोळा लावून आधी बाईंना पाहून घेतलं, मग खाल्लं. आता त्या आम्हाला पाहिलं की विचारत नाहीत, सुरी थेट चीजकडे जाते.

दुधाच्या फ्रिजमधून क्वार्कचे, म्हणजे चक्क्यासारख्या मऊ ताज्या चीजचे, डबे आणायचे ते धाकट्यानं, दोन्ही हातांनी पोटाशी धरून. परदेशातल्या मराठी घरात क्वार्कला मोठा मान आहे. चक्क्यासाठी रात्रभर दही टांगायची गरज नाही. थोडं पाणी निथळू दिलं, साखर, केशर, वेलची घातली की श्रीखंड. 40 टक्केवाला घ्यावा. बिनचरबीचा घेतलात तर श्रीखंड खरखरीत होतं आणि पाहुणे ‘छान झालंय हं’ म्हणून एकच चमचा घेतात.

मग गल्ला. इथले कॅशियर बसून काम करतात आणि विजेच्या वेगानं सामान पुढे सरकवतात. पिशवीत भरून द्यायला कोणी नसतं आणि पलीकडे सामान ठेवायला जागा असते वीतभर. म्हणून सगळं परत गाडीत टाकायचं आणि निवांत खिडकीजवळ भरायचं. बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चॉकलेटं लावलेली असतात. त्यावर माझा तोडगा असा, की दुकानात शिरताच प्रत्येकानं एक वस्तू निवडायची आणि ती शेवटपर्यंत हातात धरायची. दुसरी हवी तर पहिली जागेवर नेऊन ठेवायची. एवढं चालायचा दोघांनाही कंटाळा आहे. पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान वेगळं करायची ती आडवी पट्टी कोणी ठेवायची, यावरून मात्र दर वेळी भांडण होतं, आणि त्यावर मला तोडगा सापडलेला नाही.

पुण्यातल्या माझ्या भाच्याला किराणा म्हणजे दाराची बेल. दहा मिनिटांत पिशवी हजर. नोव्हेंबरच्या पावसात, एका हातात बाबागाडी आणि दुसऱ्यात दहा किलो सामान असताना मला त्याच्या आईचा मनापासून हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू!

येत्या आठवड्यात ईस्टर. गुड फ्रायडेला दुकानं बंद, शनिवारी उघडी, रविवार-सोमवार पुन्हा बंद. त्यात पाहुणे येणार आहेत. म्हणून मी बुधवारीच जाणार आहे, आणि तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ आणायला मुख्य स्टेशनाजवळच्या भारतीय दुकानात नवऱ्याला पाठवणार आहे. एकट्याला नाही, दोघांना बरोबर देऊन.