फेब्रुवारी नोव्हेंबरनंतर येतो तेव्हा

मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावच्या वाचनालयात मी स्थानिक इतिहासाच्या टेबलावर बसते. येणारे बहुतेक जण पूर्वज शोधत येतात. त्या मंगळवारी आलेले सत्तरीचे गृहस्थ मात्र चिडूनच आले होते. त्यांच्या वंशावळीत एक बाई मुलाच्या जन्माआधीच वारली होती.

नोंदी समोर होत्या. मुलाचा जन्म २० नोव्हेंबर १७०३, आईचा मृत्यू ११ फेब्रुवारी १७०३. इंटरनेटवरच्या वंशावळींनी यावर सोपा तोडगा काढला होता. त्यांनी बापाचं दुसरं लग्नच लावून दिलं होतं! नव्या बायकोच्या नावाच्या जागी ‘अज्ञात’. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं.

मला शाळेतलं शिवजयंतीचं गणित आठवलं. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकात ७८ मिळवले तर १६२९ येतात, पण साल १६३०. कारण फाल्गुन शकाच्या शेवटी, जानेवारी उलटून गेल्यावर येतो. तिथे ७९ मिळवायचे. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. इंग्लंड आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या त्याच्या वसाहतींतही १७५२ च्या आधी साल बदलायचं ते २५ मार्चला. म्हणजे १७०३ चा फेब्रुवारी १७०३ च्या नोव्हेंबरनंतर आला. काही कारकून अशा वेळी १७०३/४ असं दुहेरी साल लिहीत. आमच्या गावच्या कारकुनानं तेवढी शाई वाचवली.

गृहस्थांना हे सांगितलं. त्यांना पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. गावच्या जन्ममृत्यूंच्या छापील पुस्तकात १८५० पर्यंतच्या नोंदी आडनावांच्या अकारविल्हे लावल्या आहेत. शोधायला सोयीचं, पण कोणती नोंद कोणत्या नोंदीनंतर लिहिली हे त्यात हरवतं. म्हणून मूळ वहीची मायक्रोफिल्म लावली. शाई फिकट, जुन्या इंग्रजी वळणाचा लांब ‘एस’ जिथेतिथे ‘एफ’सारखा. तासाभरानं मृत्यूंचं पान सापडलं. ऑक्टोबर १७०३, डिसेंबर १७०३, जानेवारी १७०३, मग आमची बाई, फेब्रुवारी १७०३. तिच्या खालची ओळ एप्रिल १७०४.

मी त्या पानाची प्रत काढून दिली. एव्हाना त्यांचा राग उतरला होता. कागदाच्या कडेला पेन्सिलीनं ते काहीतरी मोजत बसले होते. मला वाटलं, पिढ्या मोजताहेत.

“त्र्याऐंशी दिवस,” ते म्हणाले. “म्हणजे पोर तिच्या मांडीवर होतं.”

मग त्यांनी आपला तक्ता उलगडला आणि ‘अज्ञात’वर सावकाश रेघ मारली.