लेकीची एम.एस्सी. झाली, आता आम्ही चौघं कोचीला

जुलैमध्ये लेकीचा निकाल लागला, बॉटनीत एम.एस्सी. झाली पोरगी, आणि जानेवारीत पुण्याला नोकरीवर हजर व्हायचंय. म्हणजे नेरूळच्या आमच्या घरात ती अजून तीन महिने, त्यानंतर सुट्टीपुरती. हे डोक्यात आलं त्याच दिवशी मी ठरवलं की त्याआधी चौघांनी कुठेतरी जायचं, मी, नवरा, लेक आणि माझ्या सासूबाई, आणि कुठे जायचं ते लेकीने सांगायचं कारण ही ट्रीप तिची आहे. मी त्यासाठी तीन वर्षं महिन्याला 2000 ची आरडी चालवली होती, कोणाला बोलले नव्हते.

ती म्हणाली कोची. मला वाटलं बीच वगैरे असेल मनात, तर तिने सांगितलं ते ऐकून मी गप्पच झाले. तिथे डचांचा गव्हर्नर होता वॅन रीड, त्याने मलबारच्या झाडापाल्यावर 'हॉर्टस मलबारिकस' म्हणून 12 खंडांचा ग्रंथ करून घेतला, 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला छापला, चित्रांसकट. पण झाडं ओळखून कोण देणार, तर इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य आणि त्यांच्यासोबत तीन कोकणी वैद्य, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्या तिघांचं 1675 चं कोकणी भाषेतलं, आपल्या नागरी लिपीतलं पत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. दोन वर्षं ही पोरगी त्यांच्याबद्दल वाचत होती आणि आम्हाला घरात पत्ता नाही!

आई (सासूबाई) शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांचं माहेर कुडाळकडचं. त्यांनी विचारलं, "कोकणी तिथे कुठून गं आली?" मग लेकीने सांगितलं की सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाने गोव्यातून सारस्वत कुटुंबं खाली गेली, त्यातली बरीच कोचीत राहिली, आणि मट्टनचेरीकडे चेरलाई भागात आजही घरात कोकणी बोलतात. आईंचे हात थांबले. म्हणाल्या, मग मी येते. याच आई आधी म्हणत होत्या की मला घरी ठेवा, माझे गुडघे नाहीत फिरण्याजोगे.

आता प्लॅनचं. भावजींनी लगेच पॅकेज पाठवलं, कोची मुन्नार थेक्कडी अलेप्पी सगळं पाच रात्रीत. त्यांनी प्रेमानेच पाठवलं पण मी स्पष्ट नाही म्हटलं. कोचीहून मुन्नार साधारण 130 किलोमीटर, घाटाचा रस्ता, एका बाजूचे चार तास कुठे गेले नाहीत, म्हणजे 74 वर्षांच्या बाईला गाडीत बसवून ठेवायचं आणि रोज सकाळी बॅगा भरायच्या. चार वर्षांपूर्वी आम्ही असंच एक पॅकेज केलं होतं, सहा दिवसांत चार हॉटेलं, आणि आईंचे पाय इतके सुजले की शेवटचे दोन दिवस त्या खोलीतच होत्या आणि मी त्यांच्यापाशी, फोटोत आम्ही दोघी नाहीच. ते मला परत करायचं नाहीये. म्हणून पाचही रात्री फोर्ट कोचीत एकाच घरी, होमस्टे, तळमजला, कमोड असलेलं बाथरूम आणि बाहेर बसायला ओटा किंवा व्हरांडा. रोज एकच ठिकाण, तेही सकाळी किंवा संध्याकाळी, दुपारी झोपायचं.

जाताना ट्रेनच, नेत्रावती एक्सप्रेस, दुपारी पनवेलला बसायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम, म्हणजे कोचीचंच स्टेशन. नवरा म्हणत होता दोन तासांत विमान जातं, पण कोकण रेल्वेचा दिवस हा मला ट्रीपचाच भाग वाटतो, डबे घेऊन खिडकीशी बसायचं. रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल आहे, 64 मीटर उंच, गाडी वेळेवर असली तर तो उजेडात दिसेल. कुडाळला अंधार पडलेला असेल पण आईंनी आत्ताच सांगून ठेवलंय की झोपले असले तरी उठवा. येताना मात्र विमान, तेव्हा सगळे दमलेले असतील.

रिझर्वेशनचं एक सांगते कारण मला स्वतःला उशिरा कळलं. बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, म्हणजे आम्हाला 4 डिसेंबरला निघायचंय तर 5 ऑक्टोबरला सकाळी 8 ला फोन हातात घेऊन बसायचं. आणि ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा बायकांना 45 पासून मिळतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच माणसं हवीत आणि दोघंही त्या वयात बसणारी हवीत. मी 49 ची, त्यामुळे आईंचं आणि माझं वेगळं तिकीट काढणार आणि नवऱ्याचं नि लेकीचं वेगळं. चौघांचं एकत्र काढलं असतं तर कोटा गेला असता आणि आईंना वरचा बर्थ आला तर काय करायचं होतं!

तिथे गेल्यावर काय, तर पहिल्या दिवशी काहीच नाही, संध्याकाळी मासे पकडायच्या मोठ्या चिनी जाळ्यांपाशी समुद्र बघत बसणं. तिथे जवळच जुने वर्षावृक्ष आहेत, प्रचंड पसरलेले, लेकीला त्यांच्याखाली तास दीड तास सोडून द्यायचं. सेंट फ्रान्सिस चर्च चालत जाण्यासारखं, वास्को द गामाला 1524 मध्ये आधी तिथेच पुरलं होतं, नंतर लिस्बनला नेलं. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यूंचं 1568 चं प्रार्थनास्थळ शनिवारी, त्यामुळे त्या भागात हे दोन वार सोडून जायचं. राजवाड्यात रामायणाची भित्तिचित्रं आहेत, ती आईंसाठी. एक दिवस वॉटर मेट्रोने पलीकडे एर्नाकुलमच्या बाजूला, ही 2023 पासून सुरू आहे, विजेवरच्या बोटी, आणि धक्का तरंगता असल्यामुळे बोट आणि फलाट एका पातळीला राहतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचं मोल काय ते मला विचारा. पलीकडे हायकोर्टाच्या मागे मंगलवनम आहे, भर शहरातली खारफुटी. लेकीचा प्रोजेक्ट आपल्या ठाणे खाडीच्या खारफुटीवर होता, ऐरोलीला चिखलात उभी राहून नमुने गोळा करायची, घरी यायची तेव्हा गुडघ्यापर्यंत काळी. तिला ते दोन्ही ताडून बघायचंय आणि मला तिच्याबरोबर जायचंय, तिने मला नावं सांगायची, मी ऐकायची. आतापर्यंत मला कधी तेवढा वेळच झाला नाही.

खाण्याचं कोणी टेन्शन घेतलेलं नाही. आईंना सोमवार गुरुवार सोडून मासे लागतात, करीमीन केळीच्या पानात भाजून देतात ते खायचं. नारळाचं तेल आम्हाला नवं नाही. सकाळी अप्पम आणि स्ट्यू.

काल रात्री आई स्वयंपाकघरात डबे हलवत होत्या, जाऊन बघितलं तर आमसुलांची पिशवी वेगळी बांधून ठेवली होती, डिसेंबरला अजून अवकाश आहे तरी. म्हटलं कोणासाठी? तर म्हणाल्या, चेरलाईत कोणी कोकणी बोलणारं भेटलं तर रिकाम्या हाताने कसं बोलू.