आमची वाटचाल : ग्रिलपासून कॅश व्हॅनपर्यंत

भोसरी एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती ग्रिल आणि शटरपासून. पुढे पतसंस्थांच्या तिजोरीखोल्यांचे दरवाजे केले, मग एटीएमची रोकड वाहणाऱ्या कॅश व्हॅनच्या बॉडी. पत्र्याची जाडी किती, बिजागरी बाहेरून कापता येते का, याचाच विचार तेव्हा डोक्यात असायचा.

नोव्हेंबर २०१५ मधल्या दिल्लीच्या घटनेने कामाची दिशा बदलली. गोविंदपुरीजवळ गार्ड लघवीला उतरला आणि ड्रायव्हर साडेबावीस कोटींची व्हॅन घेऊन पसार झाला. कटर लागला नाही, गोळी सुटली नाही. दुसऱ्या दिवशी तो ओखल्यात पकडला गेला, जवळजवळ सगळी रक्कमही मिळाली. पण तेवढा वेळ सगळी रोकड एकट्या माणसाच्या ताब्यात होती, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

नवीन फिटरला मी लॉस एंजेलिसची १९९७ ची चोरीही सांगतो. रोकड वाहणाऱ्या डनबार आर्मर्ड कंपनीचा सुरक्षा तपासनीस ॲलन पेस. कॅमेरे कुठे, व्हॉल्ट कधी उघडा असतो, सगळे त्याला पाठ. नोकरीत असतानाच त्याने आतले फोटो काढून ठेवले होते. कंपनीने त्याला काढले आणि दुसऱ्याच दिवशी तो साथीदारांना घेऊन स्वतःजवळच्या किल्लीने आत शिरला. १ कोटी ८९ लाख डॉलर गेले. बरीचशी रक्कम अजून सापडलेली नाही. माणूस काढला की कुलूपही बदला, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला निक्षून सांगतो.

२०१८ मध्ये सरकारी नियमच आले. ड्रायव्हरखेरीज दोन कस्टोडियन, म्हणजे रोकड सांभाळणारी माणसे, आणि दोन सशस्त्र गार्ड. एका फेरीत पाच कोटींच्या वर रोकड नाही. प्रत्येक पेटी साखळीने गाडीच्या तळाला जखडलेली आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. साखळीची कडी आम्ही नुसत्या पत्र्याला लावत नाही, खालच्या चासीला बोल्ट करतो. पत्रा पहारीने उचकटतो.

कस्टोडियन मुले कधीकधी नाराज होतात. “आमच्यावर भरवसा नाही का, साहेब?” त्यांना मी सांगतो, बाळांनो, रोकड कमी भरली की पोलीस आधी तुम्हालाच बसवून ठेवणार. दुसरी किल्ली दुसऱ्याकडे असली, तर एकट्याच्या गळ्यात आळ येत नाही. महिना पंधरा-वीस हजारांवर कोट्यवधी हाताळणाऱ्या पोरांची मला खरोखर काळजी वाटते.

सध्या जुन्या गाड्यांना साखळी आणि दुहेरी कुलपे बसवण्याचे काम जोरात आहे. नवी बॉडी परवडत नसेल तर गाडी घेऊन या, तळ तपासून काय करता येईल ते सांगू.