वेग वाढला, जोर गेला

मे महिन्यात परभणीचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा संभाजीनगरला आमच्या वर्कशॉपवर रिमोटवर चालणारा ट्रक घेऊन आला. १:१० स्केल, चार पोलची सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर, ३३०० केव्ही. म्हणजे मोकळ्या मोटरचे एका व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे (इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे). तक्रार ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. "काका, उचलून धरली की आधीपेक्षा जास्त पळायलीय, खाली टेकवली की दमच नाही. दोन मिनिटांत हात लावू देईना."

वेग वाढला आणि जोर गेला, ही जोडी ऐकली की माझा पहिला संशय चुंबकावर असतो. तरी वाइंडिंग आधी तपासलं. विहिरीवरची मोटर जळाली की वार्निशचा वास दारातच येतो. इथं तसला वास नव्हता. तिन्ही वायर सुट्या करून एकेक वायर आणि मोटरचा कॅन, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, यांच्यामध्ये मीटर लावला. कुठेच जोड दिसला नाही, म्हणजे बॉडीला शॉर्ट नाही. (मोटर बसवायचे ३ मिमीचे स्क्रू गरजेपेक्षा लांब असले तर आत वाइंडिंगला टेकतात आणि नवी मोटरही पहिल्याच दिवशी जाते. म्हणून स्क्रू आधी हाताने घालून खोली बघायची, लांब वाटला तर वॉशर टाकायचा.) दोन वायरींमधला रोध मिलिओहमात असतो, साधा मीटर तो दाखवत नाही. बेंच सप्लायवरून ५ अँपिअर सोडून त्याच दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजले: तिन्ही जोड्यांवर ४० च्या आसपास, म्हणजे ८ मिलिओहम. सगळीकडे सारखं, तेव्हा तांबं शाबूत होतं.

मग मोटरचा शाफ्ट ड्रिल मशिनच्या चकमध्ये धरून फिरवला आणि दोन वायरींवर एसी व्होल्टेज घेतलं. ड्रिलवर छापलेल्या फेऱ्यांवर विसंबायचं नाही; मीटरवर हर्ट्झ बघायचे. चार पोल म्हणजे दोन जोड्या, म्हणून हर्ट्झ गुणिले ६० भागिले २. मीटरने ९३ दाखवले, म्हणजे सुमारे २८०० फेरे. ३३०० केव्हीच्या मोटरने या वेगाला ०.६० व्होल्ट द्यायला हवेत (२८०० भागिले ३३०० म्हणजे ०.८५ हे शिखराचं व्होल्टेज, एसी मीटर ते भागिले १.४१ दाखवतो). मिळाले ०.५२. उलटा हिशोब केला तर केव्ही ३८०० च्या घरात गेलेला.

नियोडायमियम चुंबक तापला की त्याची ताकद दर अंशाला साधारण ०.१२ टक्के घटते. १०० अंशाला नऊएक टक्के जाते आणि थंड झाल्यावर परत येते. पण ही मोटर रात्रभर टेबलावर पडलेली, पूर्ण थंड होती. तेव्हा ही घट कायमची. चुंबक कमजोर झाला की फिरताना मोटरमध्येच तयार होणारं, बॅटरीला विरोध करणारं उलट व्होल्टेज कमी होतं, म्हणून मोकळी मोटर जास्त पळते. पण तेवढाच जोर द्यायला करंट जास्त लागतो, करंटच्या वर्गात उष्णता वाढते आणि चुंबक आणखी उतरतो. मुलाला वाटलं होतं, मोटर "मोकळी झाली". मोकळ्या मोटरचा वेग आपोआप वाढला, तर खूश होण्याआधी हे तपासावं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मूळ गाडी टू-एस (दोन सेलची) बॅटरी आणि १३ दात्यांच्या पिनियनची, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरची. त्याने थ्री-एस, म्हणजे तीन सेलची, लावली आणि पिनियन १७ दात्यांचं केलं. ७.४ चे ११.१ व्होल्ट म्हणजे दीडपट. १७ ला १३ ने भागलं तर १.३. दोन्ही मिळून कागदावरचा वेग जवळजवळ दुप्पट, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गात, म्हणजे जवळपास चौपट. नुसत्या पिनियनचं बघितलं तरी चाकाला तोच जोर द्यायला मोटरला १.३ पट करंट लागतो आणि तांब्यातली उष्णता १.७ पट होते. त्यात गाडी पळवली ढेकळांच्या काळ्या रानात, कूलिंग फॅनच्या पात्यांत धूळ घट्ट बसलेली.

"पण तापमान मोजायच्या गनवर ७८ च्या वर गेलंच नाही काका." ते खरंही असेल. इन्फ्रारेड गनला चकचकीत ॲल्युमिनियम फसवतं. मी त्याच कॅनवर बोटभर जागेत दुचाकीच्या सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा रंग लावला, वाळल्यावर मोटर तापवली आणि शेजारी शेजारी मोजलं: चकचकीत जागी ५८, काळ्या जागी ८४. साधी काळी टेपही चालते, पण ८० च्या पुढे तिचा डिंक सुटतो. आणखी एक गोष्ट. १२:१ ची (अंतर आणि मोजलेला गोल यांचं प्रमाण) गन १२ सेंटिमीटरवरून एक सेंटिमीटरचा गोल मोजते. लांबून धरली तर मोटरबरोबर प्लास्टिकची चेसिसही मोजली जाते. गाडी थांबली की लगेच एक आणि दोन-तीन मिनिटांनी दुसरं, असं दोनदा मोजायचं. वारा थांबल्यावर आतली उष्णता बाहेर येते आणि दुसरा आकडा बहुधा मोठा असतो.

तरीही गन दाखवते ते कॅनचं तापमान. वाइंडिंग त्याहून गरम असतं, आणि रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या चुंबकाच्या भागाला, उष्णता टाकायला बेअरिंग आणि हवेच्या फटीशिवाय वाट नाही. साधा एन दर्जाचा चुंबक ८० अंशांपर्यंतचा, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०. स्वस्त मोटरवर दर्जा छापलेला नसतो. त्यातही या मर्यादा सरसकट नाहीत: जास्त करंट ओढताना स्टेटरचं (वाइंडिंगच्या स्थिर भागाचं) उलटं चुंबकीय क्षेत्र रोटरवर येतं आणि चुंबक मर्यादेच्या आतही उतरू शकतो. म्हणून मोटरच्या कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर मी कॅनवर ७० पर्यंत निर्धास्त, ८० ला गाडी थांबवा, ९० ला पिनियन बदलल्याशिवाय पुन्हा चालवू नका, असं सांगतो.

आपल्याकडे यात हवेच्या तापमानाचा भाग मोठा. ठरावीक गिअरिंगवर मोटर हवेपेक्षा किती अंश वर चढते हे जवळपास ठरलेलं असतं. ५५ अंश चढणारी मोटर डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत ७० ला थांबेल, मे महिन्यात दुपारी ४२ ला तीच ९७ ला जाईल. त्यामुळे बाहेरच्या व्हिडिओत बघून लावलेलं पिनियन परभणीच्या उन्हाळ्यात चालेल असं धरू नये.

या मॉडेलचा रोटर सुटा मिळत होता, तोच बदलला. बेअरिंगही बदलले, एकात रेती होती. जुन्या पिनियनचा ग्रब स्क्रू (शाफ्टवर घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) थ्रेडलॉकच्या गोंदाने धरलेला. हीट गनने गरम करून १.५ मिमीच्या ॲलन कीने काढला, नाहीतर चावीच गोल होते. पिनियन परत १३, बॅटरी टू-एस, दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मेश, म्हणजे दात्यांमधली फट, लावला. संध्याकाळी ३८ अंशांत मैदानावर चालवली, दर तीन मिनिटांना थांबवून मोजली, ७१ वर स्थिरावली. आता पिनियन वाढवायचंच तर एकेक दाता, आणि प्रत्येक वेळी हेच मोजमाप.

थ्री-एसचा हट्ट त्याने सोडला नाही. टू-एसचाच वेग ठेवायचा तर ३३०० केव्हीवर नऊ दात्यांचं पिनियन लागेल, आणि ५ मिमी शाफ्टवर तेवढं लहान बसत नाही. तेव्हा २२०० केव्हीच्या आसपासची मोटर घे म्हटलं, आणि चाचणी जूनचा पाऊस पडून गेल्यावर.