अर्ध्यावर थांबलेले अपडेट

मागच्या नवतपातली ही गोष्ट आहे. दिवसभर पारा 45 अंशांच्या आसपास होता, रात्री साडेदहालाही नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घराच्या भिंती तापलेल्या होत्या आणि कूलर गारव्यापेक्षा दमटपणाच जास्त सोडत होता. अशा वेळी मी दादाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचे अपडेट लावले. दादाची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे आणि तिचा सात वर्षांचा हिशोब, म्हणजे आंबिया बहर किती उतरला, मृगाला किती गेला, खत, फवारणी, मजुरी, सगळे त्या लॅपटॉपवर आहे. लॅपटॉप बरेच महिने अपडेट झालेला नव्हता, म्हणून तो तेवढ्यासाठी माझ्याकडे ठेवून गेला होता.

यंत्रणा उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली आहे. टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ दिले तेव्हा 187 पॅकेजे (प्रोग्रॅमांचे गठ्ठे) निघाली. त्यांत नवा कर्नल (यंत्रणेचा गाभा) होता, ग्रब (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) होते आणि लिब्रेऑफिसही होते. डाउनलोड नीट झाले, पॅकेजे उलगडली गेली, एकेक कॉन्फिगर होऊ लागले आणि नव्या कर्नलसाठी इनिटरॅमएफएस (सुरू होताना त्याला लागणारी फाइल) तयार होत असल्याची ओळ पडद्यावर आली, तिथेच सगळे थांबले. माउसचा बाण हलेना, घड्याळ 10:52 वर अडकले आणि हार्ड डिस्कचा दिवा न लुकलुकता सलग जळत राहिला. लॅपटॉपमध्ये रॅम 4 जीबी, हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची आणि मागे ब्राउझर बऱ्याच टॅबांसह उघडा होता. इनिटरॅमएफएस आकुंचित करताना रॅम संपली, कर्नल स्वॅपकडे, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेकडे, वळला आणि तापलेल्या, संथ डिस्कवर ती ये-जा संपेचना, असे मला नंतर नोंदी वाचून कळले.

मी चाळीस मिनिटे वाट पाहिली. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून मजकुरी पडदा मिळतो का ते पाहिले, मिळाला नाही. शेवटी पॉवरचे बटण दाबून धरले. त्या घाईच्या क्षणी ऑल्ट आणि सिस-आरक्यू या कळा धरून क्रमाने एस, यू आणि बी दाबण्याचा मार्ग मला सुचला नाही. एसने डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहिले जाते, यूने फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती राहते आणि बीने यंत्र पुन्हा सुरू होते. उबंटूत या तीन गोष्टींना मुळातच परवानगी असते. कर्नलच्या त्या सेटिंगची किंमत 176 असते आणि ती 16, 32 व 128 या तीन परवानग्यांची बेरीज आहे. बहुतेक लॅपटॉपांवर सिस-आरक्यू ही प्रिंट-स्क्रीनचीच कळ असते. पॉवर तोडण्याआधी हे करून पाहण्याला दहा सेकंदही लागत नाहीत.

पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल पुढे जाऊ शकत नसल्याचा संदेश, आले. रूट (म्हणजे मुख्य) फाइलसिस्टम जोडता येत नाही, ‘अननोन-ब्लॉक (0,0)’, असा त्याचा आशय होता. या ओळीने माणूस हादरतो, कारण ती वाचल्यावर डिस्कच गेली असे वाटते. वास्तविक ती बरेचदा इतकेच सांगत असते की कर्नलला त्याचा इनिटरॅमएफएस मिळालेला नाही. इनिटरॅमएफएस म्हणजे डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर वगैरे भरलेली एक छोटी शिदोरी असते. ग्रब ती कर्नलसोबत रॅममध्ये आणून ठेवते आणि तिच्या जोरावर कर्नल खऱ्या डिस्कपर्यंत पोहोचतो. आमच्याकडे नेमके असे झाले होते की त्याच अपडेटमधले ग्रब आधी कॉन्फिगर झाले, त्याने ‘/बूट’मध्ये नुकताच उलगडलेला नवा कर्नल पाहिला आणि त्याला यादीत पहिले स्थान दिले, पण त्या कर्नलची शिदोरी भरून व्हायच्या आतच यंत्र गोठले. शिदोरीवाचून निघालेला कर्नल पहिल्याच पायरीवर थांबला, यात नवल नव्हते.

सकाळी दादाचा फोन आला. “काहून रे, माहा सारा हिशोब तं हाये ना त्याच्यात?” मी हो म्हणालो, पण तो हो मला स्वतःला तपासून पाहायचा होता. त्याआधी सीताबर्डीवरच्या एका दुकानात विचारून आलो होतो. तिथल्या माणसाने पडदा पाहिला आणि म्हणाला, “भाऊ, फॉरमॅट मारून टाका, दोन घंट्यात देतो.” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण लिनक्सच्या बाबतीत हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो, आणि हे सगळे लिहायला बसलो त्याचे कारणही तेच आहे. अर्ध्यावर थांबलेले अपडेट म्हणजे मोडलेली यंत्रणा नसते. उबंटू ज्यावर उभे आहे ते डेबियन 1993 साली इयान मर्डॉक यांनी सुरू केले, आणि त्या घराण्यातल्या सगळ्या यंत्रणांचा पाया असलेले डीपीकेजी हे पॅकेजे बसवणारे साधन प्रत्येक पॅकेज कोणत्या पायरीवर आहे हे टिपून ठेवूनच पुढे जाते. ते कुठे थांबले हे त्याला ठाऊक असते. आपण फक्त त्याला विचारायचे असते.

लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबत राहिलो (जुन्या बायॉसच्या यंत्रांवर शिफ्ट धरावी लागते), ग्रबची यादी उघडली, त्यातल्या प्रगत पर्यायांत जुना कर्नल निवडला आणि यंत्र उठले. चित्रमय लॉगिन आले नाही, मजकुरी लॉगिन आले. तेवढे पुरेसे होते. सर्वांत आधी पेनड्राइव्ह लावून दादाचे हिशोबाचे फोल्डर उतरवून घेतले, नंतर ‘/ईटीसी’ (यंत्रणेची सेटिंगे) आणि ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ (डीपीकेजीच्या नोंदी) यांच्याही प्रती घेतल्या. दुरुस्तीला हात लावण्याआधी एवढी एक गोष्ट झाली की पुढचे सगळे शांत मनाने करता येते, हे मला त्या सकाळी फार जाणवले.

मग ‘सुडो डीपीकेजी --ऑडिट’ दिले. पडद्यावर याद्या आल्या: काही पॅकेजे उलगडलेली पण कॉन्फिगर न झालेली, एक कर्नलचे पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झालेले, काहींची शेवटची किरकोळ कामे बाकी. पॅकेज बसते ते दोन टप्प्यांत. आधी फाइली आपापल्या जागी उलगडतात, मग त्या पॅकेजची स्वतःची स्क्रिप्ट चालून ते कॉन्फिगर होते. या दोन टप्प्यांमधली प्रत्येक अवस्था ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ या साध्या मजकुरी फाइलमध्ये लिहिलेली असते. ही एकच फाइल बिघडली तर मात्र प्रसंग कठीण होतो, म्हणूनच तिच्या मागच्या काही दिवसांच्या प्रती ‘/व्हार/बॅकअप्स’मध्ये आपोआप ठेवल्या जातात. आमची फाइल शाबूत होती.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. अशा प्रसंगी लॉक फाइल (दोन कामे एकाच वेळी डीपीकेजीला हात लावू नयेत म्हणून असलेली फाइल) पुसून टाका, हा सल्ला फार सहज दिला जातो. ती फाइल नुसती असणे म्हणजे कुलूप नव्हे. कुलूप चालू असलेली प्रक्रिया धरून ठेवते आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की ते आपोआप सुटते. तरीही कुलूप लागलेले दिसत असेल, तर मागे खरोखरच काहीतरी चालू आहे, आणि अशा वेळी फाइल पुसणे म्हणजे दोन कारागिरांना एकाच पाटीवर एकाच वेळी लिहायला बसवणे.

‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ दिल्यावर राहिलेली पॅकेजे ओळीने मार्गी लागू लागली. अधूनमधून एखाद्या सेटिंगच्या फाइलबद्दल विचारणा होई, जुनी ठेवू की नवी घेऊ; कारण माहीत नसेल तिथे मी जुनी ठेवली. काही पॅकेजे अडली, कारण त्यांना लागणारी दुसरी पॅकेजे अजून बसलेली नव्हती. त्यासाठी ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ दिले आणि खरा अडथळा तिथे आला. डेटाबेस वाचता वाचताच ते थांबले आणि म्हणाले की ‘लिब्रेऑफिस-कॉमन’ या पॅकेजच्या फाइलींच्या यादीच्या शेवटी नवी ओळ नाही.

ही यादी ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’ या डिरेक्टरीत असते आणि तिच्यात त्या पॅकेजने कोणती फाइल कुठे ठेवली याची एकेका ओळीत नोंद असते. मी ती ‘कॅट’ने उघडली तेव्हा काहीच दिसले नाही. आकार पाहिला तर काही हजार बाइटांचा, म्हणजे फाइल रिकामी नव्हती. ‘हेक्सडंप’ने पाहिल्यावर उलगडा झाला: आरंभापासून शेवटपर्यंत नुसती शून्ये. फाइलसाठी डिस्कवर जागा राखली गेली, तिची लांबी नोंदली गेली, पण मजकूर रॅममधून डिस्कवर उतरायच्या आत मी पॉवर तोडली होती. अक्षरांच्या जागी उरलेली ती शून्यांची रांग बराच वेळ माझ्या डोळ्यांसमोर राहिली, कारण बटण दाबून धरल्याने काय घडते हे इतके स्पष्ट मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

उपाय मात्र सोपा निघाला. ती यादी पुसली नाही, दुसऱ्या जागी हलवली. यादी नसेल तर डीपीकेजी एक इशारा देते, या पॅकेजची एकही फाइल बसलेली नाही असे गृहीत धरते आणि पुढे जाते. तेच पॅकेज पुन्हा बसवले की यादी नव्याने तयार होते. पॅकेज पुन्हा आणायचे कसे हा प्रश्न होता, कारण वायफाय चालत नव्हते. पण अपग्रेड करताना सगळी पॅकेजे आधी उतरवली जातात आणि काम यशस्वी झालेले नसल्याने ती जवळजवळ सगळी ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’मध्ये तशीच पडून होती. तिथून ‘सुडो डीपीकेजी -आय’ने ते पॅकेज बसवले आणि मग आधीची आज्ञा पुन्हा दिली. जी दोन पॅकेजे तिथे नव्हती, त्यांच्यासाठी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले. लॅपटॉपचे वायफाय बंद असले तरी हा मार्ग सहसा चालतो.

शेवटी ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ दिले आणि त्यानंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’. या खेपेस ब्राउझर नव्हता, चित्रमय पडदाच नव्हता, आणि ज्या कामावर आदल्या रात्री यंत्र गोठले होते ते दोनेक मिनिटांत संपले. लॅपटॉप नव्या कर्नलवर उठला, लॉगिन दिसले.

तरी एका यादीत शून्ये भरली होती म्हटल्यावर आणखी कुठे तसे झाले नसेल कशावरून, ही शंका होतीच. ‘सुडो डीपीकेजी --व्हेरिफाय’ ही आज्ञा बसलेल्या फाइलींच्या एमडी5 बेरजा (मजकुरावरून काढलेले ठसे) मूळ नोंदींशी ताडून पाहते. तिने दिलेल्या ओळींमध्ये बऱ्याचशा ‘सी’ खुणेच्या होत्या, म्हणजे आपण बदललेल्या सेटिंगच्या फाइली, त्यांची चिंता नसते. पण दोन ओळींना ती खूण नव्हती आणि प्रश्नचिन्हांच्या रांगेत तिसऱ्या जागी 5 होता, म्हणजे बेरीज जुळत नव्हती. त्या दोन फाइली कोणत्या पॅकेजच्या हे ‘डीपीकेजी -एस’ने (इंग्रजी मोठा एस) शोधले आणि ती पॅकेजे ‘ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवली. ही पायरी बहुतेक जण वगळतात. यंत्र सुरू झाले की काम झाले असे वाटते, आणि दोन महिन्यांनी एखादा प्रोग्रॅम विनाकारण कोसळू लागतो.

जुना कर्नलही उठत नसेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे ज्यावरून लिनक्स थेट सुरू होते अशा पेनड्राइव्हवरून, हेच सारे करता येते. रूटचे विभाजन ‘/एमएनटी’वर जोडायचे, ‘/बूट’ वेगळे असेल तर तेही, बायॉसऐवजी यूईएफआयचे यंत्र असेल तर ‘/बूट/ईएफआय’ही, मग ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ बाइंड करून (चालू यंत्रणेतून तिथे जोडून) ‘सीएचरूट’ करायचे, म्हणजे डिस्कवरच्या यंत्रणेत शिरायचे. त्यापुढच्या आज्ञा वर सांगितल्या त्याच. यात ‘/बूट’ जोडायचे विसरले तर इनिटरॅमएफएस भलत्याच ठिकाणी तयार होतो आणि सगळे बिनचूक झालेले दिसूनही यंत्र पुन्हा त्याच पॅनिकवर येऊन थांबते.

अशाच लाइव्ह पेनड्राइव्हवरून मी डिस्कही तपासली. ‘ई2एफएससीके’ने फाइलसिस्टममधल्या किरकोळ चुका दुरुस्त केल्या, ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कचे तापमान 54 अंश दाखवले, आणि पुन्हा वाचता न आलेले, पुढच्या लेखनाची वाट पाहणारे काही सेक्टरही दाखवले. लॅपटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्का 60 अंशांपर्यंतच चालवायच्या असतात. दादाला मी तसे स्पष्ट सांगितले आणि पंधरवड्यात त्याने एसएसडी घेतली. रॅमही 8 जीबी केली.

आता त्या लॅपटॉपचे अपडेट मी पहाटे सहाला, ब्राउझर बंद करून, मजकुरी पडद्यावर ‘टीमक्स’मध्ये (पडदा सुटला तरी काम चालू ठेवणारे साधन) लावतो आणि त्याआधी टाइमशिफ्टने यंत्रणेची एक प्रत घेतो. लॅपटॉप परत नेला त्या दिवशी दादाने माझ्यासमोरच हिशोबाची फाइल उघडली, खाली सरकवत सरकवत पहिल्या वर्षाच्या आंबियापर्यंत गेला, दोन आकडे त्याच्या वहीशी ताडून पाहिले आणि मग नव्या पानावर मृगाच्या पाण्याची पहिली नोंद टाकली.